निचरा: पेशी, म्हातारपण आणि मेंदूचे आजार

(अलिबाग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मी पेशीविज्ञानाचा अध्यापक. रुग्ण तपासण्याचा मला अधिकार नाही, तेव्हा कंपवातावर कोणती गोळी घ्यावी हे कृपा करून मला विचारू नका. पेशी आपल्या आतली घाण कशी काढते, ती निघेनाशी झाली की वय कसं अंगावर येतं आणि त्याची झळ मेंदूला सर्वाधिक का बसते, एवढंच मी आज मांडणार आहे.

येणं आणि जाणं

१९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत ट्यूबिंगेनच्या सभेत आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूची हकीकत सांगितली. पेशींच्या बाहेर कसलेसे थर साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला होता. बाहेरचे थर ज्या प्रथिनाचे असतात ते अमायलॉइड-बीटा १९८४ साली ओळखलं गेलं. साचलं आहे म्हणजे जास्त तयार झालं असणार, हा तर्क सरळ होता. तरुण वयात जडणाऱ्या, घराण्यात चालत आलेल्या विरळ प्रकारात तो खराही ठरला. पण अल्झायमरचे बहुसंख्य रुग्ण साठी-सत्तरी ओलांडलेले असतात. त्यांचं काय?

२०१० साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात याचं मोजमाप झालं. १२ रुग्ण आणि १२ निरोगी माणसं घेतली. खुणेचा कार्बन असलेलं अमिनो आम्ल शिरेतून सोडलं आणि पाठीच्या कण्याजवळचं पाणी तासातासाला काढून पाहिलं. नवं अमायलॉइड किती तयार होतं आणि किती निघून जातं, दोन्ही आकडे हाती आले. तयार होण्याचा वेग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता, तासाला साधारण ६.६ टक्के. निघून जाण्याचा वेग मात्र निरोगी माणसांत तासाला ७.६ टक्के आणि रुग्णांत ५.३ टक्के. म्हणजे आवक तेवढीच, जावक सुमारे ३० टक्क्यांनी मंद.

पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला या आकड्यांचं नवल वाटणार नाही. बांध कितीही भक्कम घातला तरी शेतात पाणी येतंच. पावसाचं येतं, डोंगरावरून उतरून येतं. शेत जगतं ते उघाडीवर. भरतीला तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी खाडीला लागतं. ते दार गाळाने अडकलं, तर पाऊस नेहमीइतकाच पडूनही भात कुजतं. आजचं माझं म्हणणं हेच आहे. म्हातारपणाच्या मेंदूविकारांत आपण पुष्कळ काळ पाऊस मोजत बसलो. उघाडीकडे पाहायला उशीर झाला.

दोन वाटा

पेशीत प्रथिनं सतत घडत असतात, झिजत असतात, काही तर घडतानाच चुकीची दुमडली जातात. ती मोडीत काढण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत.

पहिली वाट सुट्या प्रथिनांसाठी. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी चढते. ती खूण दिसली की प्रोटिआसोम नावाची रचना त्याला आत ओढून त्याचे तुकडे करते. या शोधासाठी आरन चेखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रोटिआसोमचं तोंड अरुंद असतं. प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या की त्या तिथून आत जात नाहीत.

मोठ्या मालासाठी दुसरी वाट आहे. तिचा शेवट लायसोसोममध्ये होतो. बेल्जियममधले क्रिस्तियाँ द द्यूव १९४९ साली उंदराच्या यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, मोजत होते. ताज्या नमुन्यात एका विकराची क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. तोच नमुना काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा मोजला, तर ती वाढलेली. द्यूवांनी त्याचा माग काढला. विकर कुठल्या तरी पडद्याआड कोंडलेलं होतं. पडदा फाटल्यावर ते बाहेर आलं. त्या कप्प्याला त्यांनी १९५५ साली लायसोसोम नाव दिलं. आत आम्लता आणि तऱ्हेतऱ्हेची पाचक विकरं असतात. पेशी स्वतःचेच भाग पडद्यात गुंडाळून तिथे नेऊन मोडते, या क्रियेला त्यांनी १९६३ साली ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, म्हटलं. मोडून जे अमिनो आम्ल सुटतं ते पेशी पुन्हा वापरते.

ही क्रिया चालवणारे जनुक कोणते, हे पुढची तीस वर्षं अंधारात राहिलं. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी त्यासाठी यीस्ट निवडलं, म्हणजे पाव फुगवणारी आणि दारू आंबवणारी एकपेशीय बुरशी. ज्या यीस्टला आतला माल पचवता येत नाही असा वाण त्यांनी उपाशी ठेवला. काही तासांत त्याच्या आतली पिशवी न पचलेल्या गोळ्यांनी भरली, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसेल इतकी. हे काम १९९२ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी, ज्यांत या गोळ्या भरतच नाहीत असे १५ बिघडलेले वाण त्यांनी वेगळे काढले आणि त्यांतून जनुकांचा पत्ता लागला. यीस्टमधले बहुतेक जनुक थोड्याफार फरकाने माणसातही आहेत. २०१६ सालचं वैद्यकाचं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं.

न विभागणारी पेशी

कातडीची किंवा आतड्याची पेशी विभागते. विभागताना तिच्यातला साठाही दोन पोरींत वाटला जातो, पातळ होतो. मज्जापेशीला ती सोय नाही. जवळजवळ सगळ्या मज्जापेशी जन्मावेळी असतात त्याच मरेपर्यंत पुरवाव्या लागतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या मेंदूतली पेशीही ऐंशीचीच. न पचलेला माल तिच्यात पिवळट तपकिरी कणांच्या रूपाने साचत जातो. त्याला लिपोफ्यूसिन म्हणतात आणि वयाबरोबर तो वाढत जातो.

दुसरी अडचण लांबीची. कमरेच्या मणक्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या पेशीचा तंतू सुमारे मीटरभर असतो. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एकेकीच्या तंतूच्या सगळ्या फांद्या जोडल्या तर लांबी साडेचार मीटरच्या आसपास भरेल असा अंदाज आहे. टोकाला निघालेली घाण गुंडाळून पेशीच्या मुख्य अंगापर्यंत उलटी वाहून आणावी लागते, तेव्हा कुठे ती नीट पचते. तंतूतली ही ने-आण कशी चालते, याचा अभ्यास मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा एका बारीक जंतावर करत आली आहे. तो जंत पारदर्शक असतो, त्यामुळे जिवंतपणीच त्याच्या पेशीतली वाहतूक पाहता येते.

निचरा थांबणं हे आजाराचं कारण की आजाराचा परिणाम, अशी शंका कोणीही घेईल. तिला उत्तर २००६ साली मिळालं. नोबोरू मिझुशिमा आणि मासाकी कोमात्सू यांच्या गटांनी उंदरांच्या फक्त मज्जासंस्थेतला ऑटोफॅजीचा एकेक जनुक काढून टाकला. रोगाचं कोणतंही प्रथिन त्यांना दिलेलं नव्हतं. तरीही उंदरांच्या हालचाली बिघडल्या, पेशींत गुठळ्या झाल्या, पेशी मेल्या. निचरा बंद झाला, एवढंच मेंदू ढासळायला पुरेसं ठरलं.

वयाने ही वाट आपोआप मंदावते का? न्यूयॉर्कच्या आना मारिया क्वेर्व्हो यांनी यकृतावर काम केलं. लायसोसोमच्या पडद्यावरचं एक ग्राहक प्रथिन म्हाताऱ्या प्राण्यांत कमी होतं आणि त्या वाटेने जाणारा माल अडतो, हे त्यांनी दाखवलं. २००८ साली त्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात ते प्रथिन तरुणपणाच्या पातळीवर टिकवून धरलं, तेव्हा साठा कमी राहिला आणि यकृतही चांगलं चाललं. म्हातारपणाची सगळी कारणं यात येत नाहीत. पण एक कारण तरी फिरवता येण्याजोगं आहे, हे त्यातून दिसलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी काय पाहिलं

हे सगळं परदेशी प्रयोगशाळांत घडलं असं वाटेल. पण यातली दोन महत्त्वाची पानं समोरच्या किनाऱ्यावर लिहिली गेली आहेत.

रेवस-मांडव्याहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय गाठायचं, ही रायगडच्या कित्येक कुटुंबांची वहिवाट. त्याच जे. जे. मध्ये डॉ. नोशीर वाडिया मज्जाविकारतज्ज्ञ होते. तोल जाणं, जीभ अडखळणं, हात नेमका न पडणं अशी लक्षणं पिढ्यान्‌पिढ्या चालणारी काही घराणी त्यांच्याकडे येत. त्यांच्या डोळ्यांकडे वाडियांनी बारकाईने पाहिलं. आपण एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकतो तेव्हा बुबुळ झटक्यात फिरतं. या रुग्णांचं बुबुळ सावकाश सरकत होतं. काहींना तर मान वळवल्याशिवाय नजर वळवता येत नव्हती. असा प्रकार वेगळा आहे, हे वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ घराण्यांच्या आधाराने मांडलं.

त्याचा जनुक सापडला १९९६ साली. आज या आजाराला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दोन म्हणतात. जनुकातली तीन अक्षरं सामान्य माणसात साधारण २२ वेळा एकापाठोपाठ येतात. रुग्णांत ती ३३ किंवा त्याहून जास्त वेळा येतात. त्यामुळे अटॅक्सिन-२ या प्रथिनात ग्लुटामिनची लांबच लांब माळ तयार होते. असं प्रथिन नीट दुमडत नाही, मोडीत काढायला जड जातं, गुठळ्या करतं. आई-बापांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि माळ पुढच्या पिढीत लांबत जाते, म्हणून आजार अलीकडच्या वयात येऊ लागतो. हंटिंग्टनचा आजार याच कुळातला. २०१० साली आणखी एक धागा जुळला: ही माळ मधल्याच लांबीची असेल, तर स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएसचा धोका वाढतो. जे. जे. च्या बाह्यरुग्ण विभागात डोळ्यांकडे नीट पाहिल्यामुळे सुरू झालेली गोष्ट तिथवर पोचली.

दुसरं पान पारशी समाजाचं. डॉ. नादीर आणि डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसांत पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, ४६ रुग्ण निघाले, म्हणजे लाखामागे ३२८. म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण मोठं असलेला हा समाज. बाकीचा महाराष्ट्र वयाने त्या दिशेला निघाला आहे. देशपातळीवरच्या लासी-डॅड या पाहणीने २०२३ साली जो अंदाज दिला त्याप्रमाणे साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पोरं मुंबई-पनवेलला आणि आई-वडील गावच्या घरात, अशी ज्या किनाऱ्याची रीत, तिथे हा आकडा घराघरांत शिरणार आहे.

पार्किन्सन्स आणि दोन बिघाड

पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या डोपामिन पेशींत गोल गोळे दिसतात. फ्रिट्झ लेव्ही यांनी असे गोळे १९१२ साली वर्णिले; ते प्रामुख्याने अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे असतात हे १९९७ साली कळलं. पुन्हा तोच प्रश्न: ते निघून का गेलं नाही?

उत्तराचा एक भाग जपानमधून आला. तिथे कोवळ्या वयात पार्किन्सन्स होणाऱ्या कुटुंबांत १९९८ साली पार्किन नावाचा जनुक बिघडलेला आढळला. २००४ साली पिंक-१ सापडला. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया खराब झाल्या की पिंक-१ त्यांच्यावर जमतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन तिथे युबिक्विटिनची खूण करतं आणि तो भाग ऑटोफॅजीच्या वाटेला लागतो. यातलं बरंचसं २००८ नंतर अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने उलगडलं. दोघांपैकी एक जनुक नसला की खराब माल जागच्या जागी राहतो.

दुसरा भाग लहान मुलांच्या एका विरळ आजारातून आला. गोशे आजारात लायसोसोममधलं एक विकर बिघडलेलं असतं, त्यामुळे एक मेदद्रव्य साचून प्लीहा आणि यकृत फुगतं. या मुलांच्या आजी-आजोबांत, नातलगांत पार्किन्सन्स जास्त दिसतो, हे डॉक्टरांच्या नजरेला आलं. मग जगभरच्या १६ केंद्रांनी एकत्र येऊन पाच हजारांहून जास्त रुग्ण तपासले. २००९ साली निष्कर्ष आला: पार्किन्सन्सच्या रुग्णांत या विकराचा जनुक बिघडलेला असण्याची शक्यता निरोगी माणसांच्या पाचपटींहून अधिक. लायसोसोम अर्ध्या शक्तीने चालला तरी लहानपणी काही जाणवत नाही, साठीत जाणवतं. गोशेवर विकर टोचून देण्याचा उपचार आहे. तो अतिशय महाग आहे, म्हणून केंद्राच्या २०२१ च्या विरळ आजार धोरणात त्याला मदत मिळते, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. पण टोचलेलं विकर रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूचा निचरा तेवढ्याने सुधारत नाही.

खाजकुयली

पाऊस सरला की कोकणातल्या कुंपणांवर खाजकुयलीच्या शेंगा लोंबतात. त्यांची कूस अंगाला लागली की काय होतं, हे इथे सांगायला नको. आयुर्वेदात ती कपिकच्छू. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. मेंदूत याचंच डोपामिन होतं. पार्किन्सन्सवर आजही मुख्य औषध एल-डोपाच आहे. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुयलीचं बी पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९७८ साली ते काम प्रसिद्ध केलं.

एल-डोपाने आखडलेला माणूस चालू लागतो. हा मोठा गुण आहे. पण त्याने कमी पडलेलं डोपामिन भरून निघतं, साचलेलं प्रथिन तसंच राहतं. म्हणून वर्षं सरतात तसा गुण ओसरत जातो. आणि कुंपणावरचं बी दळून कोणी स्वतःच्या मनाने खाऊ नये. प्रत्येक बीत औषध सारखं नसतं. मात्रा चुकली की ओकारी, भ्रम, अंगाचे आळोखेपिळोखे असं सगळं होतं.

निचरा वाढवता येतो का?

प्राण्यांत येतो. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलमध्ये सुरेन सहगल या भारतीय शास्त्रज्ञाच्या गटाने रॅपामायसिन काढलं. मूत्रपिंड बदललेल्यांना ते आज दिलं जातं. पेशीची वाढ सांभाळणारा एक स्विच ते दाबून ठेवतं आणि ऑटोफॅजी सुरू होते. २००४ साली केंब्रिजच्या डेव्हिड रुबिन्स्टाइन यांच्या गटाने माश्यांत आणि उंदरांत दाखवलं, की याने हंटिंग्टनच्या प्रथिनाचा त्रास कमी होतो. २००९ साली ६०० दिवसांच्या म्हणजे उतारवयातल्या उंदरांना ते दिलं, तेव्हा माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात रवी मंजिताया यांच्या गटाने ६-बायो नावाच्या रेणूने उंदरांत अल्फा-सिन्यूक्लिनचा निचरा वाढवून दाखवला. माणसात मात्र यांतलं एकही औषध मेंदूविकारासाठी सिद्ध झालेलं नाही, आणि रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबतं. निरोगी माणसाने ते घेण्याचं कारण नाही.

मग उपास? ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवलं, म्हणून मोबाइलवर सल्ले फिरतात की एकादशी धरा आणि मेंदू धुऊन काढा. २००४ साली मिझुशिमांनी उपाशी उंदीर पाहिले. यकृतात, स्नायूंत ऑटोफॅजी वाढली. मेंदूत वाढ दिसली नाही. पुढच्या काही प्रयोगांत ती दिसली, म्हणजे वाद मिटलेला नाही. एकादशी श्रद्धेने करायची तर जरूर करा. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि ‘डिटॉक्स’ लिहिलेलं पाकीट मेंदूच्या नावावर विकत घेऊ नका.

झोपेचंही तसंच. २०१३ साली मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा सुमारे ६० टक्के वाढते आणि अमायलॉइड लवकर धुऊन जातं. २०२४ साली लंडनच्या एका गटाने मोजलं, तर झोपेत निचरा उलट कमी भरला. शास्त्र असंच चालतं. झोप नीट हवी याची दुसरी पुष्कळ कारणं पक्की आहेत, तेव्हा या वादाचा निकाल लागेपर्यंत जागत बसू नये. व्यायामाचा आधार त्यापेक्षा बरा आहे. बेथ लिव्हाइन यांनी २०१२ साली पळणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत ऑटोफॅजी वाढलेली दाखवली, मेंदूतही. आणि पार्किन्सन्सच्या माणसांना चालणं, पावलं टाकणं, नाचणं याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचे रुग्ण नृत्य करतात, ते उगीच नव्हे.

इथे काय करता येईल

शेवटी एक गोष्ट ठासून सांगतो. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागतो तोवर डोपामिनच्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. उद्या निचरा वाढवणारं औषध आलं, तरी ते जिवंत पेशीच वाचवील. गेलेली पेशी परत आणणार नाही. म्हणजे औषध कधी येतं याच्याइतकंच आपण आजार कधी ओळखतो, हेही महत्त्वाचं. आणि पहिला हिस्सा आपल्या हातात नसला तरी दुसरा आहे.

काही खुणा थरथर सुरू होण्याआधीही दिसू शकतात. घरात सुकट भाजली तरी वास येत नाही. झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो. बद्धकोष्ठ वर्षानुवर्षं हटत नाही. यांतलं एकेक वेगळं असेल तर कारणं दुसरीही असतात. सगळी लक्षणं एका माणसात जमली, की त्याला म्हातारचळ म्हणून सोडू नका, तज्ज्ञाला दाखवा. घराण्यात दोन पिढ्यांना तोल जाण्याचा त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मेंदूविकारतज्ज्ञ आला आणि आशाताईंना ही लक्षणं शिकवली, तर तपासणीसाठी सत्तरीच्या माणसाला भाऊच्या धक्क्यापर्यंत न्यावं लागणार नाही. ही मागणी जिल्हा परिषदेकडे करायला कुणाच्या संशोधनाची वाट पाहायला नको.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मरणोत्तर मेंदूदानाचा विचार करावा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी आहे. आपण ज्या गोळ्यांबद्दल, थरांबद्दल बोललो ते सगळं कुणीतरी दिलेल्या मेंदूतच दिसलं. उंदरात जमलेलं माणसात का जमत नाही, याचं उत्तरही माणसाच्याच मेंदूत सापडेल.